तुडुमाच्या खालचं पाणी

पाणी फेकणं हे माझं काम. माजरीच्या उघड्या कोळसा खाणीत मी पंप ऑपरेटर आहे. कॉलनीत आम्हाला सगळे ‘पंपवाले’ म्हणतात. खाणीच्या तळाशी, सगळ्यात खोल जागी संप असतो. पावसाचं, झऱ्याचं, थरांमधून पाझरणारं पाणी उतरत उतरत तिथं गोळा होतं आणि आम्ही ते पाइपातून वर चढवून बाहेर सोडतो. मे महिन्यात सगळ्या जिल्ह्यात पाण्याची ओरड चालू असते, तेव्हाही आमचे पंप चालूच असतात, कारण खाण आजूबाजूच्या भूजलाच्या खाली गेलेली असते आणि पाणी आपल्या धर्मानं खाली येतं. पंप थांबला की थोड्या वेळात शावेलवाल्याचा आवाज येतो आणि त्या आवाजात काय असतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढी वर्षं या नोकरीत काढल्यावर माणसाला पाणी दिसलं की पहिला विचार येतो तो हाच, की हे कुठून काढायचं आणि कुठं टाकायचं.

म्हणून आमच्या मिस्तरींचा फोन आला, “या न भाऊ दोन दिवस तलावावर, पानी पाहून घ्या,” तेव्हा मला हसूच आलं. मिस्तरी म्हणजे आमच्या शिफ्टचे पंप फिटर. निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि नागभीड तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. घर वडिलांच्या वेळचं, कौलारू. मागचं दार उघडलं की समोर तलावाची पाळ. मी रविवारची ड्युटी सोडली (खाणीतल्या माणसाला विचारा, रविवारच्या जादा पगारावर पाणी सोडणं काय असतं ते), एक दिवस रजा टाकली आणि बायकोला घेऊन निघालो.

माजरी जंक्शनहून चंद्रपूरला आलो, की गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीसाठी दुसऱ्या स्टेशनावर जावं लागतं. एकाच शहरात दोन स्टेशनं आहेत, चंद्रपूर आणि चांदा फोर्ट, आणि मध्ये ऑटोवाला. चांदा फोर्ट सोडलं की कोळशाचा, सिमेंटचा आणि विजेचा जिल्हा मागं पडतो. केळझरच्या जंगलातून गाडी जाते, मग मूल मारोडा, राजोली, सिंदेवाही, आलेवाही, तळोधी रोड, नागभीड. ब्रिटिशांच्या काळी ही छोट्या रुळांची लाइन होती, नव्वदच्या दशकात ती मोठी झाली. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात, मे महिन्यात भेगाळलेल्या, करड्या. आणि दर थोड्या अंतरावर मातीची एक लांब, वाकडी, झाडं माथ्यावर घेतलेली भिंत. नवख्या माणसाला ती टेकडीच वाटेल. ती पाळ असते. तिच्यामागं तलाव असतो.

मुलीनं निघण्याआधी मोबाइलवर फिनलंडमधल्या तलावाकाठच्या घरांचे फोटो दाखवले होते. त्या देशात अशी उन्हाळी घरं पाच लाखांवर आहेत म्हणे. लाकडी घर, पाण्यात गेलेला लाकडी ओटा, त्याला बांधलेली होडी, काठोकाठ निळं पाणी. तिकडं उन्हाळा म्हणजे बर्फ वितळून तलाव मोकळा झाल्याचा काळ. आमच्याकडं गणित उलटं. मे महिन्यात आमचा तलाव कमीत कमी असतो. पाळीवर चढून पाहिलं तेव्हा बायको म्हणाली, “हे एवढंच?” पाळीपासून पुढं सरळ कोरडं, चिखल वाळून फुटलेलं मैदान, त्यात म्हशींच्या खुरांचे खड्डे, बेशरमीची झुडपं, आणि मधोमध तीन-चार एकरांचं पाणी. मिस्तरी पाळीवर उभे राहून दिवाळीतली पाण्याची रेघ हातानं दाखवत होते; ती आमच्या डोक्याच्या वर होती.

पण तलाव समजून घ्यायचा असेल तर मे महिन्यासारखा महिना नाही, हे मला दोन दिवसांत पटलं. हिवाळ्यात लोक इकडं झाडीपट्टीची नाटकं बघायला येतात, मंडईला येतात, पाण्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढतात. तेव्हा तलाव छान दिसतो आणि काहीच सांगत नाही. उन्हाळ्यात त्याचं सगळं यंत्र उघडं पडतं.

हे यंत्र जुनं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत, त्यातले दीड हजारांवर एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात. सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, आणि त्याचं लोकांनी लाडकं ‘मामा तलाव’ केलं. मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, नावावर गेले तरी बरेचसे त्यांच्याही आधीचे. चांद्याच्या गोंड राजांनी, विशेषतः हिरशहानं, जो जंगल तोडून गाव वसवील आणि तलाव बांधील त्याला जमीन देण्याचा शिरस्ता घातला, असं इकडं सांगतात. बांधणारे हात मुख्यतः कोहळी समाजाचे. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हा सात डोंगरांमध्ये अडवलेला मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं सांगितला जातो. मिस्तरी स्वतः कोहळी नाहीत, पण कोहळ्यांबद्दल ते एका फिटरनं दुसऱ्या फिटरबद्दल बोलावं तसं बोलतात. “दुर्बीन नाई, लेव्हल नाई, आन् पानी कुटून कुटं जाईल हे डोल्यानं पाहून पार टाकली!”

खरं कौशल्य जागेच्या निवडीत होतं. दोन उंचवट्यांमधली अशी जागा शोधायची, की थोडी माती टाकून जास्त पाणी थांबेल. मागं जंगल असेल, म्हणजे येणारं पाणी गढूळ कमी. पुढं उताराची जमीन असेल, म्हणजे पाणी आपल्या पायांनी शेतात जाईल. पाळीच्या एका टोकाला सांडवा, जादाचं पाणी जायला. ते पाणी वाया जात नाही, खालच्या तलावात जातं, त्याचं त्याच्या खालच्या. शेताच्या वर छोटी बोडी, बोडीच्या वर तलाव, असं एकाखाली एक. मला सगळ्यात आवडलं ते तुडूम. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यातच उभी केलेली मोरी; तिला खालपासून वरपर्यंत भोकं, भोकांना लाकडी खुंट्या. पाणी वर असेल तर वरची खुंटी काढायची, उतरलं की तिच्या खालची. धान गर्भावर येतो आणि नेमका तेव्हा पाऊस दडी मारतो, त्या आश्विनातल्या आठवड्यांसाठी हा सारा खटाटोप. या गावात आता त्या जागी लोखंडी झडप आणि फिरवायचं चाक आहे. जुन्या तुडुमाचे दोन दगड मिस्तरींनी मला चिखलातून चालवत नेऊन दाखवले. मी वाकून सगळ्यात खालच्या भोकाची उंची पाहिली, सवय म्हणून. तळापासून ते चांगलं हातभर वर होतं. म्हणजे शेवटची खुंटी काढली तरी तलाव रिकामा होणार नाही, हे बांधणाऱ्यानं दगडातच ठरवून टाकलं होतं. ते उरलेलं पाणी कोणाच्या शेताचं नाही. ते गुरांचं, माशांचं, आंघोळीचं, धुण्याचं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिच्यावरूनच भांडण झालं.

मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्यानं. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. मालगुजार काही संत नव्हते. वेठीला माणसं जुंपून पाळीची माती टाकून घेतल्याच्या गोष्टी मिस्तरींच्या वडिलांनीच त्यांना सांगितल्या होत्या, तेव्हा त्या काळाबद्दल मला हळहळ नाही. पण वेठ गेली तिच्याबरोबर दर उन्हाळ्याची डागडुजीही गेली, ती परत कोणी नीट लावली नाही. शंभर हेक्टरांपर्यंत पाणी देणारे तलाव जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधारे खात्याकडं, मासेमारी संस्थेला ठेक्यानं, निस्तार, म्हणजे गुरं-आंघोळ-धुण्याचा हक्क, गावाचा. एका तलावाचे इतके धनी झाले, की पाळीला भगदाड पडलं तर अर्ज कोणाकडं द्यायचा यावर एक पावसाळा जातो. मोठी धरणंही आली, काही त्याआधी, काही नंतर. याच तालुक्यात इंग्रजांच्या काळचं घोडाझरी आहे, सावली तालुक्यात आसोलामेंढा, आणि गोसीखुर्द, ज्याची कोनशिला राजीव गांधींनी १९८८ च्या एप्रिलमध्ये बसवली. गोसीखुर्दचा उजवा कालवा शेवटी त्या जुन्या आसोलामेंढ्यातच येऊन पडतो. नव्या धरणाला शेवटी जुन्या तलावाचंच भांडं वापरावं लागलं, याची मला गंमत वाटते.

शनिवारी उन्हं चढायच्या आत तलावाच्या पोटात ट्रॅक्टर उतरले. एक जेसीबी, पाच-सहा ट्रॉल्या. गाळ काढणं चालू होतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली; पण तळाचा गाळ बैलबंडीनं शेतात टाकायची रीत कोणत्याही योजनेच्या आधीची. काळा, चिकट, मऊ गाळ. धानाच्या बांधीत टाकला तर दोन-तीन वर्षं खताचं बघावं लागत नाही. मिस्तरी जेसीबीवाल्याच्या मागं मागं फिरत होते आणि ओरडत होते. मला वाटलं, निवृत्त माणसाची खोड. नंतर कळलं, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बकेट फार खोल गेलं तर गाळाखालचा चिकण मातीचा थर फुटतो, खाली मुरूम लागतो आणि मग तलाव पाणी धरत नाही, गळतो. शिवाय यंत्र उभा कडा कापतं. तलावाला उतार हवा. गुडघाभर, मांडीभर, कमरेभर, असं पाणी वाढत गेलं तरच प्रत्येक खोलीवर आपापली वनस्पती येते आणि माशाला अंडी घालायला जागा मिळते.

हे मला शिकवलं ते मिस्तरींनी नव्हे, मासेमारी संस्थेच्या अध्यक्षांनी. ते ढिवर. त्यांना पाण्यातल्या गवताची इतकी नावं येतात की मी मोजणं सोडलं: गाद, चिला, चौरा, कमळ, शिंगाडा, काठाचा देवधान. कुठलं बुडून राहणारं, कुठलं तरंगणारं, कशाच्या मुळ्या बदक खातं, कशाच्या पानावर कमळपक्षी अंडी घालतो. संस्थेला बीज मिळतं ते रोहू, कतला, मृगल यांचं. ते वाढतं, विकलं जातं, त्यावर ठेक्याचे पैसे निघतात. पण तो मासा इथं आपण होऊन पैदा होत नाही, दर वर्षी आणून सोडावा लागतो. मरळ, शिंगूर, वागूर हे इथले. पाणी आटलं तरी हे मासे वर येऊन हवेचा श्वास घेतात, चिखलात तग धरतात, आणि जूनच्या पहिल्या लोंढ्याला उलटे चढून बांध्यांमध्ये अंडी घालायला जातात. म्हणजे मे महिन्यातलं ते हातभर पाणी हेच त्यांचं बियाणं. गोंदिया-भंडाऱ्याकडं ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था ढिवरांना घेऊन असे तलाव पुन्हा उभे करते. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा, जुन्या पाणवनस्पती आणून लावायच्या. अध्यक्ष ते काम पाहून आले होते. “आमी बी केलं असतं,” म्हणाले, “पन पानी तं राह्यलं पाहिजे.” तेव्हा त्यांच्या बोलण्यातला रोख माझ्या लक्षात आला नाही.

दुपारचं जेवण झिंगे घातलेली वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, कैरीची चटणी आणि एचएमटीचा भात. या भाताबद्दल सांगितलंच पाहिजे. एचएमटी तांदूळ आज कित्येक राज्यांत पिकतो, पण तो निघाला इथून, याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावातून. दादाजी खोब्रागडे या दीड एकरवाल्या शेतकऱ्यानं १९८३ च्या सुमाराला आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी बाजूला काढली, तिचं बी वेगळं पेरलं, वर्षानुवर्षं निवडलं. तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती, तेच नाव धानाला पडलं. घड्याळांचा जोर गेला, तांदूळ राहिला. दादाजी ३ जून २०१८ ला गेले, तोवर पैशानं हलाखीतच. मिस्तरींच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, मी विचारलं, भात इतका मोकळा कसा झाला. त्या म्हणाल्या, “तलावाच्या पान्याचा हाय.” विज्ञान काय म्हणेल ते म्हणो, मी तिसऱ्यांदा वाढून घेतला.

आता ऊन. नवतपा लागायचा होता, तरी शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर येत होता. काही वर्षी तिथं सत्तेचाळीसच्याही पुढं जातो. माजरीत आम्ही दुपारी कूलरसमोरून हलत नाही. इथं कूलर नव्हता. मांडवावर जांभळीचे डहाळे टाकलेले, त्याखाली बाज, आणि तलावावरून येणारा वारा. तो गार होता असं मी म्हणणार नाही; पण तो भाजत नव्हता. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात सात-आठ लिटर साधं पाणी उकळीपर्यंत आलं असतं. खसच्या ताट्या याच तत्त्वावर चालतात. कोरड्या मे महिन्यात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी असं उडून जातं. काठाची आंबा, मोह, जांभळाची झाडं त्यात भर घालतात. तलावाचा आणखी एक उपयोग डोळ्यांना दिसत नाही. पाळीखालच्या गावविहिरीत मी दोर सोडून पाहिला. मे महिन्यात पाणी फार खोल नव्हतं. तलावातलं पाणी हळूहळू जिरत विहिरींना जाऊन मिळतं. माझी खाण विहिरींचं पाणी आपल्याकडं ओढते, हा तलाव विहिरींना पाणी देतो. दोन्हीकडं पाणी नियमानंच वागतं. खड्डा कुठं आणि किती खोल खणला एवढाच फरक.

तसे आमच्याकडंही ‘तलाव’ आहेत. कोळसा संपलेल्या खाणींत पाणी भरतं, आणि ते मे महिन्यातही निळंशार, भरपूर असतं. फोटोत ते या तलावापेक्षा कितीतरी सुंदर दिसेल. पण त्यात उतरू नये. खाणीच्या कडेला उतार नसतो, बेंच असतात. एका पावलावर जमीन, दुसऱ्या पावलाखाली कितीतरी मीटर पाणी. खाणीचं पाणी निरुपयोगी असतं असं मात्र नाही. सावनेर तालुक्यात पाटणसावंगीला वेकोलिनं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सनं, ते शुद्ध करून ‘कोल नीर’ म्हणून बाटल्यांत भरलं आहे. ते मी पितो, चांगलं आहे. फक्त त्या पाण्यात म्हैस बसत नाही, पोरं डुंबत नाहीत, मरळ राहत नाही. तिथं यंत्राशिवाय कोणाचं काही चालत नाही.

संध्याकाळी आम्ही पाळीवर फिरायला निघालो तर वहिनींनी अडवलं. इकडं दिवस मावळल्यावर पाळीवर जायचं नाही. घोडाझरीचं जंगल २०१८ मध्ये अभयारण्य झालं; पण वाघ काही अभयारण्याची हद्द पाहून चालत नाही, आणि ब्रह्मपुरी वनविभागात ताडोब्याबाहेरच वाघ पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात पाणी जिथं आहे तिथं सगळेच येतात. हाच तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे बाया जंगलात जातात, पानं तोडतात, सत्तर पानांचा पुडा बांधतात आणि दुपारी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन मांडतात. १० मे २०२५ ला शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात, मेंढा-माल गावच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात तिघीही मेल्या. मिस्तरींची पुतणी त्याही हंगामात जात होती आणि आताही जाते; आता घोळक्यानं जातात, इतकाच बदल. पुण्या-मुंबईचे पाहुणे वाघ दिसावा म्हणून जिप्सीचे पैसे भरतात, त्या पैशावर गाइडची घरं चालतात, हे मला मान्य आहे. पण तलावाकाठी घर असणं किती छान, असं म्हणणाऱ्यानं एकदा अंधार पडल्यावर इथं परसाकडं जाऊन यावं.

रविवारी सकाळी एक शेतकरी दारात आला. “पंपवाले पाहुने तुमीच का?” पाळीपलीकडं त्याचा दोन एकर उन्हाळी धान होता. खालच्या अंगाला ओंबी भरत आलेली, अजून दोन पाणी हवी होती आणि पाच हॉर्सपॉवरचा पंप पाणी उचलत नव्हता. मी गेलो. पाहिलं तर फूटव्हॉल्व्हमध्ये गाद अडकून झडप उघडीच राहिली होती. पंपात पाणी भरलं की खाली निघून जात होतं. काम पाच मिनिटांचं. मी पाइप बाहेर ओढला, तेवढ्यात मिस्तरी आले, त्यांच्यामागं संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष मला म्हणाले, “भाऊ, तुमी तो दुरुस्त नोका करू.”

तेव्हा माझ्या डोक्यात कालचे ते दोन दगड आले. तुडुमाच्या खालच्या भोकाच्या खाली जे पाणी आहे, ते उतारानं शेतात जाऊच शकत नाही. ती मर्यादा बांधणाऱ्यानं घालून दिलेली. तिला पहारा लागत नव्हता, सभा लागत नव्हती. पंपाला मात्र मर्यादाच नसते. फूटव्हॉल्व्ह बुडतो आहे तोवर तो ओढणार. हे माझ्याइतकं कोणाला माहीत? आम्हाला खाणीत तेच तर हवं असतं. शेवटचा थेंब.

शेतकरी काही लुटारू नव्हता. खरिपाचा धान तुडतुड्यानं गेला होता, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि समोर उभं पीक. “माशायचं पाहता, माह्या लेकरायचं कोन पाहील?” या प्रश्नावर अध्यक्षांनी उत्तर दिलं की त्यांनाही लेकरं आहेत आणि ठेक्याचे पैसे त्यांनी भरले आहेत, या शेतकऱ्यानं नाही. मिस्तरींचा आवाज चढला. मग तिघंही माझ्याकडं पाहायला लागले. पाहुणा, त्यातून पंपवाला. मी पंच झालो.

मी चिखलात काडीनं हिशेब मांडला. पाच हॉर्सपॉवरचा पंप एवढ्या कमी उंचीवर सेकंदाला वीस लिटर तरी फेकणार. शेतीची लाइन आठ तास. म्हणजे एका पाण्याला पावणेसहा लाख लिटर. उरलेलं पाणी चार एकरांवर पसरलेलं; त्यातून पावणेसहा लाख लिटर गेलं की पातळी जवळपास दीड इंच उतरते. ऊन दिवसाला सेंटीमीटरभर नेतं. हा पंप आठ तासांत उन्हाचं साडेतीन दिवसांचं काम करणार. दोन पाण्यांचे तीन इंच. काठ उथळ असल्यानं तीन इंच खाली गेलं की पाणी दहा-बारा पावलं आत सरकणार. मधल्या खोल जागी अजून कमरेएवढं होतं आणि पावसाला महिना.

“म्हंजे दोन पान्यानं तलाव मरत नाई,” शेतकरी म्हणाला.

“याच्या दोनानं नाई मरत,” अध्यक्ष म्हणाले. “पन पाहून चार जन पंप टाकतीन.”

दोघांचंही बरोबर होतं. मला विचाराल तर उन्हाळी धान हा या तलावांचा धंदाच नव्हे. ते खरिपाला वेळेवर एक-दोन पाणी द्यायला बांधले होते आणि वर्षातून दोनदा धान काढायचा हट्ट धरला तर एकही तलाव पुरणार नाही. पण हे मी त्या माणसाला त्याच्या भरत्या ओंबीसमोर उभं राहून सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो, की पाइपाला खुणेची दोरी बांधा आणि फूटव्हॉल्व्ह कोणत्या पातळीच्या खाली सोडायचा नाही, ते गावानं ठरवून तिथं खुंटा ठोका. पाणी खुंट्याच्या खाली गेलं की पंप हवा ओढेल आणि पाणी आपोआप थांबेल. यंत्रालाही तुडूम लावता येतं. मिस्तरींना हे लगेच पटलं, फिटरच ते. अध्यक्ष म्हणाले, खुंटा कुठं ठोकायचा हे ग्रामसभेत ठरलं पाहिजे. शेतकरी म्हणाला, ग्रामसभा होईस्तोवर धान वाळेल. फूटव्हॉल्व्ह मी साफ करून दिला होता, पण पंप सुरू करायचा की नाही हे अजून ठरायचं होतं. नागभीडहून परतीची गाडी होती. आम्ही निघालो तेव्हा तिघंही पाळीवरच्या जांभळीखाली बसून बोलत होते आणि चौथा कोणीतरी येत होता.

बुधवारी बी-शिफ्टला संपवर असताना मिस्तरींचा फोन आला. खुंटा ठोकला होता. एक पाणी दिलं गेलं. दुसऱ्यावरून भांडण चालू होतं आणि आता खुंटा कोणीतरी रात्री दोन बोटं खाली ठोकल्याचा अध्यक्षांना संशय होता. “तुमी येऊन मोजून द्या,” मिस्तरी म्हणाले. मी म्हटलं, रजा शिल्लक नाही, व्हिडिओ कॉल लावा.